तुम्ही जरा बाहेर बसा

मला भेटायला येणाऱ्यांना आधीच सांगते, येऊ नका. आलातच तर शहाळं आणू नका, आणि "काही होत नाही तुम्हाला, आमच्या मावसभावाच्या सासूला याहून मोठी गाठ होती, आज ठणठणीत आहे" हे मुळीच सांगू नका. त्या सासूला मी ओळखत होते. ती दिवाळीच्या आधीच वारली.

हे लिहितेय ते ज्यांना माझ्यासारखा आजार आहे त्यांच्यासाठी. थोडंसं डॉक्टरांसाठीही, पण ते वाचतील अशी मला आशा नाही. मी आयुष्यभर नंदुरबारच्या एका हायस्कुलात मराठी शिकवलं. निम्म्या शहराच्या वह्या तपासल्या. कोण काय वाचतं आणि कोण नुसतीच पानं उलटतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

राहायला आम्ही जवळच्याच कोरीट गावाला. यजमानांची तिथे शेती, मिरचीचा धंदा. त्यांचं नाव धनराज, पण मी जन्मभर 'हे' म्हणत आले, इथेही तसंच म्हणणार. एक मुलगी, मनीषा, पुण्याला नोकरी करते.

आजार स्तनाच्या कर्करोगाचा. पहिल्यांदा झाला तेव्हा सुरतला ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस आले, लोकांनी पेढे मागितले. त्या भागाबद्दल मी लिहिणार नाही. तो भाग सगळेच लिहितात, शेजारी हसरा फोटो छापून. मला लिहायचंय ते तो परत आला त्याबद्दल. परत आल्यावर पेढे मागायला कुणी येत नाही. डॉक्टरही नजर चुकवतात.

सुरत

पाठ दुखायला लागली. आधी वाटलं, वय झालं. मग खोकलं तरी कळ यायला लागली. नंदुरबारात मिरचीच्या दिवसांत कोण खोकत नाही? पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, लाल मिरची पडली की अख्खं शहर खोकतं. एक दिवस खोकता खोकता मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि उठताच येईना. ह्यांनी सुरतचं तिकीट काढलं.

तिथे तपासण्या झाल्या. दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. मी खुर्ची ओढून बसणार, तोच ते म्हणाले, "बेन, तमे जरा बहार बेसो."

तुम्ही जरा बाहेर बसा. पाठ माझी, हाडं माझी, आणि मी बाहेर! ह्यांना मात्र आत ठेवून घेतलं. ह्यांना ताप आणि मलेरिया यातला फरक कळत नाही. मी बाहेरच्या खुर्चीवर, समोरच्या भिंतीवरचं हसऱ्या बाळाचं चित्र बघत बसले. कर्करोगाच्या दवाखान्यात बाळाचं चित्र कुणी लावलं असेल, त्याला एकदा भेटायला हवं.

हे बाहेर आले. तोंड पांढरंफटक. म्हणाले, "काही नही शे. मणका घसाई जायेल शे. गोळ्यास्वर बरं व्हई जाई."

स्टेशनावर आल्यावर हे म्हणाले, "आइसक्रीम खाशी का?"

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला स्टेशनावर चहाशिवाय काही विचारलेलं नाही. त्या क्षणी मला कळलं. मी पिस्त्याचं आइसक्रीम खाल्लं आणि काही बोलले नाही. पुढे मणक्याला शेक द्यायचा म्हणून परत सुरतला नेलं. तेच मशीन, तीच खोली, पहिल्या वेळी छातीला रेडिएशनचा शेक दिला होता ती. मणक्याची झीज त्या मशीनने बरी होते असं मला सांगण्यात आलं. मी मान डोलावली. इतक्या वाईट पद्धतीने खोटं बोलणारी माणसं मी नववी ‘क’च्या वर्गातसुद्धा पाहिली नव्हती.

अभय

सुरतहून परतल्यावर नंदुरबारात कुणाकडे तरी दाखवत राहायला हवं होतं. आम्ही अभयकडे गेलो. अभय माझा विद्यार्थी. आता मोठा डॉक्टर आहे, स्वतःचा दवाखाना आहे, दारावर काचा आहेत. शाळेत असताना तो निबंध गाइडमधून उतरवायचा. 'माझी आई' या निबंधात त्यानं लिहिलं होतं, माझी आई शिक्षिका आहे व ती मला रोज संस्कारकथा सांगते. त्याची आई पिठाची गिरणी चालवायची. मीच तिच्याकडून दळण आणायचे.

मी त्याला थेट विचारलं, "अभय, हे हाडात गेलंय का?"

तो माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळू लागला. माणसाला उत्तर द्यायचं नसलं की तो रक्तदाब बघतो, हे मी पुढे पुष्कळ डॉक्टरांत पाहिलं.

"बाई, तुम्ही जास्त विचार करता. पॉझिटिव्ह राहायचं."

"दुखतंय रे. रडू येईल असं दुखतंय."

"गोळी बदलून देतो."

"जालीम काही नाही का?"

"आहे, पण त्याची सवय लागते, बाई."

सवय! हाडं पोखरलेल्या बाईला सवय लागेल याची त्याला काळजी. मी उठले. उठायलाही ह्यांचा हात लागला. दारापाशी अभयनं ह्यांना बाजूला घेतलं आणि काहीतरी कुजबुजला. सगळ्यांनाच माझ्याबद्दल बोलायचं होतं. फक्त माझ्याशी कुणाला बोलायचं नव्हतं.

घरात तर नाटक कंपनीच होती. नणंद यायची, "तुले कोनी तरी नजर लागनी" म्हणून मीठ-मिरच्या ओवाळायची आणि मग बाहेरच्या ओट्यावर जाऊन रडायची. मनीषाला ह्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, तिची नोकरी, तिचं टेन्शन. ती फोनवर विचारायची, "आई, पाठ कशी आहे?" मी म्हणायचे, "घासलीय." फोन ठेवला की मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. कूस बदलायची म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागे. राग सगळ्यात जास्त याचा यायचा, की एवढं दुखत असताना मलाच ह्या लोकांना सांभाळून घ्यावं लागत होतं.

पुढे न्या

एकदा उलट्या थांबेनात म्हणून अभयच्या दवाखान्यात भरती केलं. सकाळी झाडू, मग चहा, मग नर्स, मग अभयची फेरी. फेरी म्हणजे दारातून आत येऊन दारातून बाहेर जाणे. मध्ये 'कसं वाटतंय?' असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या खाटेकडे वळायचं.

शेजारच्या खाटेवर मोलगीच्या वरच्या डोंगरातून आलेली एक बाई होती. पोट फुगलेलं, अंगावर मांस नाही. नवरा तिच्या पायाशी उकिडवा बसलेला. दोघं पावरीत, त्यांच्या डोंगरातल्या बोलीत, बोलत, तेही फार थोडं. अभयनं रिपोर्ट बघितले आणि त्या नवऱ्याला शुद्ध मराठीत सांगितलं, "यांना पुढे न्यावं लागेल. इथे शक्य नाही."

नवऱ्यानं मान हलवली. संध्याकाळी त्यानं बायकोला चादरीत गुंडाळलं, दोन भावांनी उचललं, आणि जीप करून ते निघून गेले. पुढे नाही, मागे. घरी.

दुसऱ्या दिवशी मी अभयला विचारलं, "पुढे म्हणजे कुठे?"

"धुळे, नाही तर सुरत."

"तिथे काय करणार होते तिचं?"

तो म्हणाला, "खरं सांगायचं तर करण्यासारखं काही उरलं नव्हतं."

"मग पुढे कशाला? आणि तिला दुखत होतं त्याचं काय दिलंस?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. ती बाई रात्रंदिवस कण्हत होती, आणि डोंगरात परत जाताना तिच्याबरोबर एक चांगली गोळीसुद्धा नव्हती. ती कशी मेली असेल, याचा विचार मी करते. अभय करत असेल का, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

शिबिर

मग एक दिवस अभय स्वतः कोरीटला आला. घाम पुसत खाटेवर बसला. बाहेरगावाहून काही मोठे डॉक्टर येणार होते, जिल्ह्यातल्या डॉक्टरांना शिकवायला. वेदनांवरचं शिबिर आहे, म्हणाला. चांगलं मराठी बोलणारा एखादा पेशंट हवा होता, आणि शहरातल्या एका डॉक्टरीणबाईनं माझं नाव सुचवलं. तीही माझीच विद्यार्थिनी.

"याल का, बाई? बसून फक्त बोलायचंय."

त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की मी नाही म्हटलं तर तो सुटेल. म्हणून मी हो म्हटलं.

ह्यांनी मला गाडीच्या मागच्या सीटवर उशा लावून नेलं. मंगल कार्यालयाचा हॉल. शेवभाजीचा वास आत्तापासूनच सुटलेला. खुर्च्यांवर डॉक्टर, अर्ध्यांच्या माना मोबाइलमध्ये. स्टेजवर फलक होता, आणि तेव्हा मला शिबिराचं खरं नाव कळलं. ते वेदनांवरचं नव्हतंच. बरा न होणारा रुग्ण आणि त्याचा शेवटचा काळ, यात डॉक्टरनं काय करायचं, याचं ते प्रशिक्षण होतं. अभयला वाटलं असेल, बाईंचा चष्मा जुना झालाय.

शिकवायला आलेल्या बाई केस पिकलेल्या, आवाज शांत. त्या सांगत होत्या ते चुकीचं नव्हतं. उभ्यानं बोलू नका, बसा. रुग्णाला आधीच काय माहीत आहे ते विचारा. किती जाणून घ्यायचंय ते विचारा. सांगा, आणि मग थांबा. इतकं साधं शिकवायला एवढ्या शिकलेल्या लोकांना हॉलमध्ये गोळा करावं लागतं, हे ऐकताना मला लाज वाटली. माझी नव्हे, त्यांची.

पडद्यावर वाक्यं होती, डॉक्टरांनी पेशंटला म्हणायची. मराठीच्या नावाखाली काहीतरी. 'आपल्या आजाराविषयी आपली समज काय आहे?' आणि 'आपण आपल्या भावना माझ्यासोबत सामायिक करू शकता.' सामायिक! बांध सामायिक असतो, विहीर सामायिक असते, आणि त्यावरून कोर्टात जातात. खान्देशातल्या कुठल्या म्हाताऱ्याला हे वाक्य कळणार होतं, देव जाणे.

मग त्यांनी मला स्टेजवर बसवलं आणि समोर एक खुर्ची ठेवली. आता एका डॉक्टरनं प्रत्यक्ष बोलून दाखवायचं. आजार कल्पनेतला, असं ठरलं. कुणी पुढे येईना. शेवटी सगळ्यांनी अभयलाच ढकललं, त्याचा पेशंट म्हणून. टेबलावर माझ्यासाठी कागदी रुमालांचा डबा ठेवलेला होता.

अभय बसला. पडद्याकडे बघून म्हणाला, "आपल्या आजाराविषयी आपली समज काय आहे?"

मी म्हटलं, "माझी समज अशी आहे, की तुला सगळं माहीत आहे आणि तू सांगत नाहीस."

हॉलमध्ये हसू फुटलं. लोकांना वाटलं, बाई छान काम करतात. अभय मात्र हसला नाही.

"हाडात गेलंय ना?" मी विचारलं.

हसणं हळूहळू थांबलं. शिकवणाऱ्या बाई पुढे येऊ लागल्या. मी हातानं त्यांना थांबवलं.

"हो, बाई," अभय म्हणाला.

"बरं होणार आहे?"

"नाही."

"किती दिवस?"

"वर्षं म्हणवत नाही. महिने असतील. त्यापुढचं मला खरंच माहीत नाही."

"आणि दुखणं?"

त्यानं खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाला, "दुखणं कमी करता येतं. मी केलं नाही. मला त्या औषधाची भीती वाटते, आणि... तुम्हाला सांगायची पण भीती वाटत होती."

त्याच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य, जे कुठल्याही गाइडमध्ये नव्हतं.

आणि मग काय झालं असेल? टाळ्या. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी आतापर्यंत शांत होते, पण त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं.

"कशाबद्दल वाजवताय?" मी विचारलं. "मी मरणार म्हणून, की ह्याला बोलता आलं म्हणून?"

टाळ्या तुटक तुटक होत बंद पडल्या. शिकवणाऱ्या बाईंनी पडदा बंद केला. माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुम्हाला अजून सांगितलेलं नाही, हे मला कुणी बोललं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझीही चूक झाली. मी आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. माफ करा." मग विचारलं, "आत्ता दुखतंय का? कुठे?"

एवढ्या महिन्यांत माझी माफी मागणारी ती पहिली व्यक्ती. तिला झापायचं मी रद्द केलं.

मी मान वर केली तेव्हा हॉलच्या दारात हे उभे दिसले. हातात माझी पाण्याची बाटली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाटली तिथेच खुर्चीवर ठेवून ते बाहेर निघून गेले.

गाडीत

हे गाडीत बसून होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला उशांवर नीट टेकवून झाल्यावर म्हणाले, "तुले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"सुरतपाईन?"

"आइसक्रीम लिधं तधळपाईन."

"मंग बोलनी का नही?"

"तुम्ही तरी कोठे बोलनात?"

त्यांनी काच खाली केली, वर केली. "माले वाटनं, सांगं तर तू बठी जाशी. हिंमत सोडी देशी."

"मी बठेलच शे," मी म्हटलं. "माले उठताच येस नही."

मला भांडायचं होतं. ह्या माणसानं माझ्या उरलेल्या दिवसांतले कितीतरी दिवस खोट्यात घालवले होते, तेही माझ्यावर माया दाखवत. पण आरशात पाहिलं तर त्यांचं नाक गळत होतं आणि त्यांना ते कळतही नव्हतं. मी पदर पुढे केला. त्यांनी त्यात नाक शिंकरलं. चांगली साडी होती. घरी जाईपर्यंत गाडी ते खूप हळू चालवत होते, खड्डे चुकवत.

गोळी

मॉर्फिनची गोळी आमच्याकडे दुकानात मिळत नाही. शिबिरातल्या बाईंनी चिठ्ठी लिहून दिली आणि हे शेजारच्या जिल्ह्यात जाऊन घेऊन आले. अभयनं पुढे स्वतःच्या दवाखान्यात ठेवण्यासाठी अर्ज केला. त्याची रडकथा तो मला ऐकवतो. मी ऐकून घेते. खेटे घालायचं त्याचंच काम आहे.

गोळी घेतल्यावर चमत्कार झाला असं मी लिहिणार नाही. पहिले काही दिवस गुंगी होती. पण अभयनं गोळीबरोबर पोट साफ होण्याचं औषधही आणलं होतं आणि न विचारता सांगितलं, "हे रोज घ्यायचं, बाई, नाही तर गच्च होईल." हे डॉक्टरानं आपणहून सांगणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्याला भोगावं लागलंय त्यालाच कळेल.

आठवड्याभरानं मी डाव्या कुशीवर झोपले. स्वतः वेणी घातली. ह्यांनी खाट पथारीच्या कडेला टाकली. बायका मिरची उलथत होत्या, खोकत होत्या, माझ्याकडे बघून गप्प होत होत्या. मी म्हटलं, "बोला की. मी अजून शे." त्या हसल्या. दुखणं गेलं नाही, पण ते आता खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्यासारखं असतं. माझ्या छातीवर बसत नाही.

माझ्यासारख्यांना सांगते. तुम्हाला कुणी 'त्याची सवय लागते' म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. आणि बाहेर बसा म्हटलं तर बसू नका. खुर्ची धरून ठेवा.

अभय आता अधूनमधून कोरीटला येतो. अजूनही बोलायला फार वाईट आहे. मी त्याला पडद्यावरची वाक्यं विसरायला लावली. "आजारी माणसाला विचारायचं, 'तुले काय वाटस?' बस. तुझ्या आईशी बोलतोस तसं बोल." मोलगीच्या त्या बाईबद्दल त्यानं स्वतःहून एकदा विषय काढला. त्या भागातून कुणी आलं तर पावरी बोलणारं माणूस आधी बोलावतो आता, म्हणाला. मी शाबासकी दिली नाही. ती बाई त्यामुळे परत येणार नाही.

शेवटी मला सुरतला नेऊ नये, घरीच ठेवावं, हे त्याच्यासमोर ह्यांना सांगून झालं. अभयनं विचारलं, "मी त्या वेळी येईन, बाई. पण मला काही बोलायला सुचलं नाही तर?"

"तर गप्प बसायचं," मी म्हटलं.

मनीषा

मनीषाला सांगायचं राहिलं होतं. मी म्हटलं, मी सांगते. हे म्हणाले, नाही, खोटं मी बोललोय. ती सुट्टी काढून आली. चपला काढतेय तोवर ह्यांनी ओट्यावरच सुरू केलं. मी आत खाटेवर होते, सगळं ऐकू येत होतं.

"तुन्ही माय बरी व्हणार नही, बेटा," हे म्हणाले. "मणका घसायना नही व्हता. मी खोटं बोलनू. पन आते तिन्हं दुखनं कमी शे. तू रडजो, पन आठे रडजो नको, तिन्हापाशी जाईसन रड."

कुठल्या शिबिरात असं शिकवत नाहीत.

ती आत आली. रडली. मला वाटलं आता प्रश्न सुरू होतील, कोणता डॉक्टर, कोणतं हॉस्पिटल, मुंबईला का नाही नेलं. मी उत्तरं तयार ठेवली होती, चांगली तिखट. तिनं त्यातलं काही विचारलं नाही. माझ्या पायाशी बसली, नाक पुसलं आणि म्हणाली, "आई, तुला भीती वाटते का?"

सुरतच्या डॉक्टरनं हे विचारलं नव्हतं. अभयनं नाही, शिबिरातल्या बाईंनी नाही, ह्यांनी नाही. पडद्यावरही हे वाक्य नव्हतं. मी स्वतःला सुद्धा विचारलं नव्हतं. लोकांना नावं ठेवण्यात माझे दिवस बरे जात होते.

"वाटते," मी म्हटलं. "खूप वाटते गं."

माझे पाय तिनं मांडीवर घेतले आणि दाबत बसली.